चक्र, दक्षिण आणि चीक

‘सायक्लोडेक्स्ट्रिन ग्लायकोसिलट्रान्सफरेज’ हे एका विकराचं (एन्झाइमचं) नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण त्याच्या पहिल्या शब्दात आपलेच दोन नातलग आहेत. ग्रीक ‘किक्लॉस’ आणि संस्कृत ‘चक्र’ एकाच मुळातले. लॅटिन ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा, तो आपल्या ‘दक्षिण’चा सख्खा भाऊ. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. स्टार्च तुटून होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं, म्हणून १८३३ मध्ये बिओ आणि पेर्सो यांनी त्याला ‘डेक्स्ट्रिन’ म्हटलं. त्याचं कडं झालं की सायक्लोडेक्स्ट्रिन: ग्लुकोजच्या सहा, सात किंवा आठ मण्यांचं चक्र.

हे कडं वळणारं विकर जिवाणूंचं. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्झ शार्डिंगर यांनी ज्या जिवाणूच्या मदतीने ही कडी मिळवली, त्याचं नाव ‘बॅसिलस मॅसेरान्स’, म्हणजे भिजवून मऊ करणारा. पुढे या विकराची रचना नीट उलगडली ती ‘बॅसिलस सर्क्युलान्स’ या दुसऱ्या जिवाणूतून. सर्क्युलान्स म्हणजे गोल फिरणारा. हे नाव त्याच्या वसाहतीत दिसणाऱ्या गोल हालचालीवरून पडलं. विकर कडी वळतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. योगायोग असला तरी मला तो फार आवडतो.

१९९१ मध्ये क्लाइन आणि शुल्त्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना दोन अँगस्ट्रॉमपर्यंत बारकाईने मांडली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्यासाठी विकराचे स्फटिक करावे लागतात. स्फटिक म्हटलं की आपल्याला टणक, पारदर्शक खडा आठवतो. ‘क्रिस्टल’चं मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र बर्फ. प्रथिनांच्या स्फटिकांना बर्फच जवळचा, कारण ते नाजूक असतात आणि त्यांत साधारण निम्मं पाणी असतं. रचनेत पाच भाग दिसले. त्यांपैकी एक कच्च्या स्टार्चच्या कणाला धरून ठेवतो. विकर जिथे स्टार्चची साखळी कापतं, त्या खाचेच्या मध्यावर टायरोसिन हे अमिनो आम्ल उभं आहे. साखळी त्याच्याभोवती वळते आणि तिचं टोक तिच्याच दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, असं संशोधकांनी मानलं. दक्षिण आणि चक्र एकत्र आले की ‘प्रदक्षिणा’ आठवणारच.

आता खुद्द स्टार्च. जर्मन-इंग्रजी कुळातलं हे नाव ताठपणावरून आलं, म्हणजे कापडाला खळ देण्याच्या कामावरून. ग्रीकांनी कृतीवरून नाव दिलं: ‘अमिलॉन’, जात्यावर न दळलेलं. गहू भिजवायचे, कुस्करायचे, पांढरं पाणी गाळायचं, खाली बसलेला साका वाळवायचा. ‘अमायलेज’ या विकराचं नाव त्यावरूनच आलं. आपण मात्र त्याच वस्तूला ‘पिष्ट’ म्हणतो. पिष् म्हणजे दळणे; पिष्टाचंच पीठ झालं. म्हणजे ग्रीकांचं न दळलेलं ते आपलं दळलेलं! शिवाय ‘पिष्टमय पदार्थां’त शाळेची पुस्तकं साखरही घालतात, तिचा तर दळणाशी काहीच संबंध नाही. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवणाऱ्या बायकांकडे या वस्तूला नेमका शब्द आहे, आणि तो ग्रीकांच्या कृतीशीही जुळतो. परिभाषाकोशांनी स्टार्चसाठी ‘चीक’ हाच शब्द घ्यायला हवा.