भाजक्या चहाच्या केकची वंशावळ

पारनेरसारख्या अवर्षणाच्या मुलखातील तालुक्याच्या गावी, जिथे वाढदिवसाच्या निमित्ताने कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी वाळू पसरून तीवर केकचे भांडे ठेवण्याची युक्ती गृहिणींच्या अंगवळणी पडलेली आहे, तिथे जपानी भाजक्या चहाच्या हलक्या केकची गोष्ट काढली, तर ऐकणारा तिची वासलात परदेशी चोचला म्हणून लावील; परंतु या पदार्थाचे कूळ शोधीत मागे गेले असता जी वाट सापडते, ती क्योटो आणि नागासाकीवरून, लॉस एंजेलिसला एक वळसा घालून, अखेर गोवा आणि चौल या बंदरांपाशी, म्हणजे अहमदनगरच्या ज्या निजामशाहीच्या अमलाखाली पारनेर होते तिच्याच वेशीवर, येऊन पोहोचते.

गोवा 1510 साली पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत चौल-रेवदंड्याला, निजामशाहीच्या ऐन समुद्रद्वारात, त्यांनी वखार आणि किल्ला उभारला. अहमदनगरच्या दरबाराशी त्यांचे संबंध केवळ तलवारीचे नव्हते. बुऱ्हाण निजामशहावर औषधोपचार करणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य या दरबारात मानाने वावरला, आणि आपल्याकडील वनस्पती व औषधींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तत्पूर्वी, 1549 साली, फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानला पोहोचला होता. पुढे मुर्तझा निजामशहाने चौलला घातलेला वेढा ज्या 1571 साली तहाने उठला, नेमक्या त्याच साली नागासाकीचे बंदर पोर्तुगीज व्यापाराला खुले झाले, आणि गोव्याहून मलाक्का व मकाव करीत जाणारी गलबते तिथे नांगर टाकू लागली. आपल्या शालेय इतिहासात मात्र वेढा तेवढा येतो. गलबते पुढे कुठे गेली हे कोणी सांगत नाही.

या दर्यावर्दींबरोबर नागासाकीला जी पाकक्रिया उतरली, तिचे जपानी नाव ‘कासुतेरा’. अंडी, साखर आणि पीठ एवढाच तिचा ऐवज. लोणी नाही, खमीर नाही, फुगवण्याचे सारे काम घुसळलेल्या अंड्यांतील हवेचे. नागासाकीतील फुकुसाया ही तिची पेढी 1624 पासून चालत आलेली आहे. जपानात त्या काळी भट्टी नव्हती. म्हणून कढईवजा भांड्याच्या खाली आणि झाकणावर असा दुहेरी निखारा ठेवून कासुतेरा भाजीत. हे वाचताना पाठारे प्रभूंच्या भानोल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही, कारण तेही वर-खाली विस्तव ठेवूनच भाजले जाई. आणि गोव्याच्या बिबिंकाचा तर एकेक थर वरच्या निखाऱ्यावरच खरपूस होतो. दुहेरी विस्तवाची ही रीत कोणा एका मुलखाची मिरास नव्हे.

तथापि भाजक्या चहाचा केक ज्या जातीचा आहे, तो आजचा शिफॉन केक हा कासुतेराचा सरळ वंशज नसून दत्तक म्हणावा लागेल. 1927 साली लॉस एंजेलिसमधील हॅरी बेकर या विमा विकणाऱ्या गृहस्थाने लोण्याऐवजी पातळ तेल घालून तो सिद्ध केला, वीस वर्षे कृती कोणाला कळू दिली नाही, आणि 1947 मध्ये ती जनरल मिल्स कंपनीला विकली. लोकांपुढे ती 1948 साली आली. लोणी निवल्यावर थिजते, तेल थिजत नाही, म्हणून हा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, एवढेच त्याच्या गुपिताचे मर्म.

चहाची शाखा त्या मानाने अर्वाचीन आहे. 1920 च्या दशकात क्योटोच्या व्यापाऱ्यांनी जून पाने आणि काड्या, ज्यांना उंची मालात भाव येत नसे, निखाऱ्यावर भाजून ‘होजिचा’ विकायला काढला. भाजताना तुरटपणा उतरतो, कॅफीनही काही अंशी उडते. म्हणून तिकडे तो रात्री, मुलांना आणि वृद्धांनाही देतात. घरी करायचा तर बिनदुधाच्या हिरव्या चहाची सुटी पाने कोरड्या लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवावीत: प्रथम ओल्या गवतासारखा वास येतो, मग पानांच्या कडा तांबूस होतात, आणि खमंगपणा दरवळताच, धुराची पहिली रेघ निघण्यापूर्वी, पाने परातीत ओतून घ्यावीत, कारण तापल्या कढईत राहिलेले पान तिथल्या तिथे करपते.

चार अंडी, सत्तर ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, चाळीस मिलिलिटर सूर्यफुलाचे तेल, साठ मिलिलिटर दाट उतरवलेला हा चहा आणि त्याचीच दोन चमचे वस्त्रगाळ पूड, एवढे साहित्य पुरे. साखरेची वाण पारनेरच्या जिल्ह्याला नाही. सहकारी कारखानदारीचा पायाच 1950 साली प्रवरानगरला घातला गेला. पांढऱ्या बलकाचा फेस असा घट्ट व्हावा की भांडे उपडे केले तरी तो जागचा हलू नये. त्यात पिवळ्या बलकाचा थेंब जरी पडला तरी तो फुलत नाही. हा फेस बाकीच्या साहित्यात हलक्या हाताने मिसळावा. मिश्रण ओतण्याच्या, मध्ये नळी असलेल्या भांड्याला तूप अजिबात लावू नये, कारण मिश्रण भिंतीला धरून वर चढते. आणि बाहेर काढताच ते उपडे टांगून निववावे, नाहीतर फेस आपल्याच भाराने खचतो. वाळूच्या कुकरमध्ये खालून आच मिळते, वरून नाही, म्हणून माथा फिका राहतो. ज्यांच्या घरी विद्युत भट्टी आहे त्यांनी तीच 160 अंशांवर, सुमारे पस्तीस मिनिटे वापरावी. आणि रोजच्या दुधाच्या चहाची पत्ती यात कृपा करून घालू नये. तिचा तुरटपणा केकमध्ये उतरतो आणि दोष बिचाऱ्या जपान्यांच्या माथी येतो.