मॉरिशसची साखर आणि तिचे वाटेकरी

मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरांत, मॉरिशस हें चिमुकलें बेट आहे. 1835 सालीं तेथील गुलामगिरी संपली. उंसाच्या मळ्यांसाठीं मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून करारावर मजूर नेले. पुढील काळांत साडेचार लाखांहून अधिक माणसें तेथें उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठीभाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथील शाळांत मराठी शिकतात.

शंभर वर्षांनंतरही चित्र फारसें पालटलें नव्हतें. निर्यातींत शेंकडा 90 हून अधिक भाग साखरेचा होता आणि मोठे मळे मोजक्या घराण्यांच्या हातीं होते. हिवताप हटला, मृत्यु घटले, खाणारीं तोंडें भराभर वाढलीं. 1960 सालीं ‘कॅरोल’ वादळानें उभें पीक आणि घरें उद्ध्वस्त केलीं. 1961 सालीं अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनीं आपल्या अहवालांत बेटाचें भविष्य अंधारमयच रंगविलें.

तें भाकीत खोटें ठरलें, परंतु केवळ दैवयोगानें नव्हे. 1968 सालीं देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे मजुराचेच पुत्र होते. त्यांच्या सरकारनें मळे जप्त केले नाहींत. साखरेच्या निर्यातीवर कर मात्र ठेवला. वृद्धांच्या निवृत्तिवेतनास 1958 पासूनच उत्पन्नाची अट उरली नव्हती. 1977 पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झालें. 1975 च्या करारानें युरोपनें दरसाल सुमारें 5 लाख टन साखर ठराविक भावानें घेण्याचें मान्य केलें. निर्यातीचा माल करणाऱ्या कारखान्यांस 1970 च्या कायद्यानें करांत सवलती मिळाल्या. मळ्यांतील नफ्याचा कांहीं भाग कापडधंद्यांत उतरला. तेथील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या. त्यामुळें अनेक घरांत दुसरा पगार येऊं लागला.

तथापि वाटणी पुरी झाली नाहीं. फेब्रुवारी 1999 मध्यें एका क्रिऑल गायकाचा पोलिसांच्या कोठडींत मृत्यु झाला आणि दंगे उसळले. समृद्धीच्या पंक्तींत आपलें पान मांडलेंच नाहीं, हें गुलामांच्या वंशजांचें जुनें दुःख त्या वेळीं जगापुढें आलें. 2009 सालीं युरोपचा साखरकरारही संपला.

सागरानें वेढलेल्या लहान देशास बाजारभाव आपल्या मुठींत ठेवतां येत नाहीं. आलेल्या पैशाची वांटणी कशी करावी, हें मात्र त्याच्या हातीं असतें. मॉरिशसनें तें बऱ्याच अंशीं ओळखलें, म्हणून तें तरलें. जेथें विसरलें, तेथें आग लागली.