राहून जातं

मागच्या शनिवारी घरी गेलो होतो. आजीच्या गोळ्यांचा डबा बघितला. वारांचे कप्पे, सकाळ-दुपार-रात्र, सगळं जिथल्या तिथे. शेजारीच आईची बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप पडली होती. हिशोबाने दोन गोळ्या उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या नऊ! विचारलं तर म्हणाली, "अरे, राहून जातं."

रात्री नेटवर वाचत बसलो आणि कळलं, की या 'राहून जातं'लाही इतिहास आहे.

फार काळ डॉक्टरांचं लक्ष फक्त पेशंटकडे. उशाशी बसलेल्या माणसाची फाईलच नसायची. १९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी एक प्रश्नावली छापली, त्यांच्यावरचं ओझं मोजणारी. पुढच्याच वर्षी अशा घरच्यांसाठी मेस आणि रॅबिन्स यांचं पुस्तक आलं. नाव काय, तर 'द थर्टी-सिक्स अवर डे'. छत्तीस तासांचा दिवस! आईला विचारा, पटेल तिला.

१९९५ मध्ये ओहायोतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी तर कमालच केली. स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तेवढ्याच मिळकतीच्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले.

१९९७ मध्ये बर्टन, शुल्झ वगैरे मंडळींनी आजारी जोडीदाराचं बरंच काही करणाऱ्या वृद्धांच्या सवयी तपासल्या. पुरेशी विश्रांती नाही, व्यायामाला वेळ नाही, स्वतः आजारी पडलं तर पडून राहायची सोय नाही. आणि हो, स्वतःची औषधं विसरणं! वाचून चरकलोच.

१९९९ मध्ये शुल्झ आणि बीच यांचा निष्कर्ष आला. आजारी जोडीदाराला सांभाळताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त. पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सेवा करणं घातक नाही, एकट्याने ओढत राहणं घातक आहे. आमच्या टीममध्ये कुणालाही सलग दोन आठवडे ऑन-कॉल ठेवत नाहीत, माणूस चुका करायला लागतो म्हणून. आई चार वर्षं ऑन-कॉल आहे. बिनपगारी. आणि आपण फोनवर काय सांगतो? "आई, तब्येतीची काळजी घे गं." ती कधी घेणार, हे कुणी सांगायचं?

असो. आता दर रविवारी आजीची ड्यूटी माझी, असं ठरवलंय. आईला विचारलं, मोकळ्या रविवारी काय करशील? मला वाटलं, पिक्चर, मैत्रिणी, काहीतरी सांगेल.

"झोपेन," म्हणाली.