पांदण, धुरा आणि दिंडी



गिरडच्या टेकडीवर चढताना पायाखाली गोल गोल दगड लागतात. जाणकार सांगतात, हे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले गारगोट्यांसारखे गोटे. गावाची गोष्ट वेगळी. बाबा फरीद तीस वर्षे देशभर फिरून १२४४ च्या सुमारास या टेकडीवर येऊन बसले, अशी परंपरा आहे. (कबर त्यांची पाकपट्टणला, गिरडला त्यांचे स्थान.) वाटेने जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी त्यांची टिंगल केली, तसा त्यांचा नारळ-बिरळ सारा माल दगड झाला. पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळक्या पाल्याचा नवा माल करून दिला, आणि ते दोघे मरेपर्यंत तिथेच सेवेला राहिले. हिंदू काय, मुसलमान काय, दोघेही ही टेकडी चढतात. गोष्ट चमत्काराची खरी, पण मला ती वाटसरूची वाटते. परक्या शिवारातून जाणाऱ्याने कसे जावे, हा तिचा प्रश्न आहे.

वारीने या प्रश्नाचे उत्तर चालता चालता बसवले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या सोहळ्याला लष्करासारखी रीत लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू त्यात आले. रथापुढे नि रथामागे दिंड्यांचे क्रमांक ठरले. कोणी कोणाला ओलांडायचे नाही. रस्त्यात सापडलेली वस्तू चोपदाराकडे जाते आणि संध्याकाळी समाजआरतीला तिचा पुकारा होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार येऊन ऐकून घेतो, मगच टाळ थांबतात. लाखांच्या गर्दीत भांडण मिटवायची यापेक्षा सभ्य रीत मला तरी माहीत नाही.

आपल्या विदर्भाची वाट लांबची. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. आणि इथली अडचणही निराळी. आषाढीला निघायचे म्हणजे मृगाचा पाऊस पडलेला, पऱ्हाटी दोन पानांवर आलेली. पांदणीत गुडघाभर चिखल, त्यामुळे पाय आपसूक धुऱ्यावर चढतो, धुऱ्यावरून वावरात. एक माणूस गेला तर काही बिघडत नाही. दोनशे गेले की तास बुजतात आणि त्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. कार्तिकीला बोंडं फुटलेली असतात, तुरीला शेंगा धरू लागलेल्या. "चार शेंगा तोडल्या तर काय होते?" असे म्हणणारा बहुधा स्वतः शेतकरीच असतो, हे नवल! घरी त्याच्या तुरीत कोणी शिरले तर तो काठी घेऊन उभा राहील.

दुसरी गोष्ट पाण्याची. मागच्या शतकांत यात्रा म्हटली की पटकी पाठीमागे यायची. नदीकाठी, विहिरीजवळ शौचाला बसायचे आणि तेच पाणी प्यायचे. पंढरपूरने हे अनेकदा भोगले. गाडगेबाबांचा (१८७६-१९५६) खराटा इथून समजून घ्यावा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. पंढरीत त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. देवळात मात्र गेले नाहीत. कीर्तनकाराने श्रोत्यांच्या मुक्कामाची आणि मोरीचीही चिंता करावी, हे त्यांच्यापासून आपल्याकडे रुजले.

पत्रावळीचेही असेच. जुन्या दिंड्या पळसाच्या पानांवर जेवायच्या. पंगत उठली की पत्रावळी जनावरांनी खाल्ली किंवा उकिरड्यात कुजली. मागे काही उरत नव्हते. पुढे थर्माकोल आले, प्लास्टिकचे पेले आले. धुऱ्यावर टाकलेला पेला नांगराच्या फाळाला लागतो, पिशवी गाईच्या पोटात जाते. २०१८ मध्ये राज्याने अशा वस्तूंवर बंदी घातली, तरी मुक्काम उठल्यावर मैदान पाहावे आणि मान खाली घालावी, असे अजून होते. पुष्कळदा हे पेले दिंडीचे नसतात, चहा वाटणाऱ्या हौशी मंडळींचे असतात. पण गावकरी नाव दिंडीचेच घेतो, आणि पुढच्या वर्षी शाळेची पडवी मिळत नाही. मुक्कामाची जागा गेली की लहान दिंडीची वाटच तुटते.

२०१५ पासून आळंदी-देहूच्या वाटेवर 'निर्मल वारी'ची फिरती शौचालये मुक्कामी उभी राहतात. वर्धेकडून निघणाऱ्या लहान दिंडीला एवढी व्यवस्था कुठून मिळणार? तिने एक फावडे, दोन खराटे आणि चार रिकामी पोती सामानाच्या गाडीत टाकावी. आणि मुक्काम हलताना वीणेकरी पुढे गेला, तरी चार जण मागे थांबावेत.