सोमवारी ऑफिस, रविवारी शर्यत : बंगळूरच्या स्वस्त वेगाचा इतिहास

आजचा विषय लढाईचा नाही, पण त्यातल्या धावपट्ट्या मात्र लढाईच्या काळातल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात मद्रासजवळ शोलावरम इथं लष्करी धावपट्टी होती. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी राहिली. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथं शर्यती भरवल्या आणि शोलावरम हे दक्षिणेतल्या हौशी मंडळींचं तीर्थक्षेत्र झालं. आपल्याकडे मुंबईत जुहूच्या विमानतळावर आणि बंगालमध्ये बराकपूरच्या धावपट्टीवरही गाड्या धावल्या. म्हणजे भारतात मोटारशर्यत वाढली ती विमानांच्या उसन्या जागेवर.

जागा उसनी, तशी गाडीही. परवाना राज्यात गाड्या तीनच : अॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००. परदेशी सुटे भाग आणायचे तर जकात भारी आणि परवाना दुर्मीळ. मग जी गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची, तीच रविवारी शर्यतीत. मागचं सीट काढा, स्टेपनी काढा, बंपर उतरवा. इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा, पोर्ट गुळगुळीत करा, जमलंच तर दुसरा कार्बोरेटर बसवा. यातलं बरंचसं काम हातानं होई आणि खर्च मुख्यतः मिस्त्रीच्या मजुरीचा.

बंगळूर या कामाला फार सोयीचं शहर. इथं एचएएल, बीईएल, एचएमटीसारखे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर लेथवर बारीक माप धरणारे कुशल हात आले. सुट्या भागांसाठी जे. सी. रोड, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांसाठी शिवाजीनगरची गुजरी. इंग्रजांच्या काळात ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीला आज महाराजांचं नाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या गावात मराठी माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सगळं गणित बदललं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चाळीस अश्वशक्तीच्या आतलं इंजिन. पण गाडी वजनाला हलकी. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी हेच इंजिन घेऊन एका माणसाची शर्यतीची गाडी बनवली : फॉर्म्युला मारुती. बाजारात सहज मिळणारं इंजिन असल्यामुळे तरुणांना शर्यत परवडू लागली. नारायण कार्तिकेयन याच गाडीतून पुढे आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन यांचं १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झालं. कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावानं आहे.

आम्हा फौजी लोकांची ओळख झाली ती जिप्सीशी. १९८५ मध्ये आलेली ही गाडी सुरुवातीला ९७० सीसीची होती, पुढे १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं इंजिन आलं. सीमेवर आम्ही जिच्यातून फिरलो, तीच हिमालयातल्या रॅलींमध्येही धावत होती. फौजेच्या गाडीखान्यात मला एक गोष्ट शिकायला मिळाली : गाडी बाहेर काढण्याआधी टायर, ब्रेक, पाणी, तेल बघायचं. इंजिनाच्या ताकदीची चर्चा त्यानंतर.

आता वर्तमानाकडे येऊ. बंगळूरमध्ये आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका तरुण इंजिनिअरनं जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली. आपल्या चाकणला बनलेली, २०१३ मध्ये आलेली, १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती. तो म्हणाला, "काका, लाखभर रुपये आहेत. ट्रॅकवर न्यायचीय, रोज ऑफिसलाही जायचंय. आधी काय करू?"

त्याला इंजिनाच्या संगणकाचं रिमॅप हवं होतं. टर्बो गाडीत त्यानं ताकद खरोखर वाढते, साध्या इंजिनात फारच थोडी. पण मी त्याला हिशोब मांडून दाखवला. हजार किलोची, शंभर अश्वशक्तीची गाडी धरा. पन्नास किलो वजन कमी केलं, तर वेग घेताना जवळपास पाच अश्वशक्ती वाढल्यासारखंच होतं, आणि ते फुकट. शिवाय वळणावर आणि ब्रेक मारताना फायदा वेगळा. उलट शंभरऐवजी एकशेवीसच्या वेगानं गेलात, तर ब्रेकला रिचवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलचा. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओल धरलेल्याची मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उकळलं की पेडल थेट तळाला जातं. त्यानंतर चांगले ब्रेक पॅड, चांगले टायर, मग शॉक अॅब्सॉर्बर. आणि या सगळ्यांबरोबर प्रशिक्षकाकडून ट्रॅकवर चालवायचं शिक्षण. रिमॅप शेवटी, पैसे उरले तर.

तो थोडा हिरमुसला. सायलेन्सरचा आवाज मित्रांना ऐकू येतो, नवं ब्रेक ऑइल कुणाला दिसत नाही!

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकानं ठरवल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, ते तुम्ही पुण्यातही पाहिलं असेल. आणखी एक बाब बहुतेकांनी वाचलेली नसते : आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली, तर खर्च तुमच्या खिशातून.

आणि शर्यत ट्रॅकवरच. १९९० पासून श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक आहे, बंगळूरहून साधारण तीनशे किलोमीटर. जक्कूरच्या धावपट्टीवर आणि आपल्या अॅम्बी व्हॅलीतही सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. पुन्हा विमानांचीच जागा बघा. तिथं समोरून ट्रक येत नाही, शाळेतून सुटलेलं पोर आडवं येत नाही. नंदी हिल्सच्या पहाटेच्या रस्त्यावर किंवा आपल्या एक्सप्रेस वेवर ही खात्री कोण देणार?

जुन्या लोकांनी फियाटमधून सीट काढली, कारण पैसे नव्हते. त्या नाइलाजातून त्यांना जे कळलं, ते आजही खरं आहे : स्वस्तातला वेग वजन कमी करण्यात, रबरात, ब्रेकमध्ये आणि चालवणाऱ्याच्या हातात असतो. रविवारच्या शर्यतीनंतर तीच गाडी सोमवारी ऑफिसला जायची आहे, आणि चालवणारा संध्याकाळी धडधाकट घरी यायचा आहे.

पुढच्या भागात जोंगा आणि शक्तिमान या फौजी गाड्यांविषयी बोलू. जय हिंद.