शब्दाची पोच : विमान-नियंत्रणाच्या इतिहासातील दोन अपघात

विमानांतील अंतर राखणारे मुख्य साधन शब्द होय. नियंत्रक उंची सांगतो, वैमानिक ती पुन्हा उच्चारतो. या पुनरुक्तीवरच सुरक्षितता अवलंबून असते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. सौदी विमानास १४,००० व कझाक विमानास १५,००० फुटांची उंची नेमून दिलेली होती. कझाक विमान तीखाली उतरले. वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे एक कारण मानले गेले. येथे शब्द पोहोचला, अर्थ पोहोचला नाही.

औरंगाबादची घटना याहून निराळी. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून उडताना इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या मालमोटारीवर आदळले. ११८ पैकी ५५ जण दगावले. वैमानिकाने विमान उशिरा उचलले आणि उड्डाणसमयी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन झाले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मालमोटारचालक या संभाषणाच्या वर्तुळाबाहेरच होता. ज्याच्यापर्यंत शब्द पोहोचत नाही, त्याच्यासाठी रस्त्यावर फाटक हवे. अंतर राखण्याचा विचार केवळ आकाशापुरता करून भागत नाही.