कॉपी-ऑन-राइट आणि चेकसम

फाइल सिस्टिममध्ये बदललेला मजकूर जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत म्हणजे कॉपी-ऑन-राइट; साठवलेला मजकूर बिघडला आहे का, हे ओळखणारी आकडेमोड म्हणजे चेकसम. लिनक्समध्ये २००९ साली आलेल्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. डेटाबेस किंवा आभासी यंत्राच्या फाइलीत जागोजागी छोटे बदल सतत होतात, तेव्हा कॉपी-ऑन-राइटमुळे फाइलीचे असंख्य तुकडे होतात आणि वेग घटतो. म्हणून ‘नोडेटाकाउ’ हा पर्याय दिला आहे. मात्र तो निवडताच त्या मजकुराचे चेकसम आणि कॉम्प्रेशनही बंद होते. ही सक्ती मनमानी नाही. जुन्याच जागी लिहिताना मध्येच वीज गेली, तर मजकूर नवा आणि चेकसम जुना राहील व निर्दोष मजकूरही बिघडलेला ठरेल.

जर्नल, म्हणजे बदलांची आधी वेगळी नोंद, ठेवून ही विसंगती टाळता येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, पण मग प्रत्येक मजकूर दोनदा लिहावा लागतो आणि वाचवलेला वेग तिथेच खर्ची पडतो. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसकडे स्वतःचे चेकसम असतात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. तरीही डेटाबेसला फक्त बिघाड कळतो. दोन डिस्कवर प्रती असूनही कोणती प्रत बरोबर, हे चेकसमअभावी फाइल सिस्टिमला ठरवता येत नाही; दुरुस्ती अडते ती इथे. झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमने कॉपी-ऑन-राइट बंद करण्याची सोयच ठेवली नाही. तिथे छोट्या बदलांसाठी रेकॉर्डचा, म्हणजे साठवणीच्या तुकड्याचा, आकार जुळवून घेतात. म्हणून बीटीआरएफएसमध्ये सहज पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइलींपुरताच ‘नोडेटाकाउ’ वापरावा.